इथ्रो परत गेला

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम १८:१३-२७



पवित्र शास्त्रात सल्ला देणारे पुष्कळ आहेत, पण सल्ला देऊन शांतपणे आपल्या घरी परत जाणारा इथ्रोसारखा विरळाच. मोशेचा हा सासरा मिद्यानाचा याजक होता. इस्राएलाच्या छावणीत तो पाहुणा म्हणून आला. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिले की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करायला बसला आहे आणि लोक दिवसभर त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. इथ्रोने आधी विचारले की हे तू काय चालवले आहेस, एकटाच का बसतोस? मोशेचे उत्तर ऐकून घेतल्यावरच तो बोलला. असे करशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील, असे त्याने सांगितले. देवाला भिणारी, खरी, लाच न घेणारी माणसे निवड. त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम. मोठी गोष्ट असेल तेवढी तुझ्याकडे येऊ दे. मोशेने ऐकले आणि तसे केले. मग अध्यायाचे शेवटचे वचन सांगते की मोशेने सासऱ्याला निरोप दिला आणि तो आपल्या देशी निघून गेला.

पांढुर्णा आणि सौंसर येथल्या मंडळीत सेवा करणारे आम्ही काही जण गेले दोन महिने गृहप्रार्थनेत हाच अध्याय पुन्हा पुन्हा वाचत आहोत, आणि या शेवटच्या वचनापाशी दर वेळी थांबत आहोत. त्याला कारण आहे.

जवळपास तीस वर्षे ज्यांच्याकडे आमच्या चर्चची किल्ली आहे ते काका नाताळानंतर मुलाकडे नागपूरला राहायला जाणार आहेत. किल्ली कोणाला द्यायची हा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल. पण कोणत्या घरी आजारी माणूस आहे, मयत झाली तर पहिला निरोप कोणाला पाठवायचा, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, कोणत्या विधवा बाईच्या पेन्शनचा कागद तहसिलीत अडकला आहे, हे सगळे काकांच्या डोक्यात आहे. पाळकसाहेबांकडे अनेक गावे आहेत. ते महिन्यातून दोन रविवार येतात. उरलेले दिवस मंडळीचा भार काकांच्या खांद्यावर असतो.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आम्ही त्या रेषेच्या या बाजूला राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून आमचे तालुके वेगळे निघून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. शेतात संत्रा आणि कापूस, बाजारहाट आणि मोठा दवाखाना नागपूरचा, घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. आमच्या आज्या मराठी शास्त्र वाचतात, नातवंडांच्या हातात हिंदी बायबल असते. शिकलेली मुले नागपूर, पुणे, इंदूरकडे जातात. मागे राहणाऱ्यांत म्हातारी माणसे, शेतमजूर, रिक्षावाले, छोटे दुकानदार आणि घर सांभाळणाऱ्या बाया. मंडळी उभी राहायची ती यांच्यातूनच.

काकांच्या जागी कोण, हे ठरवायला बैठक झाली. पांढुर्ण्याच्या लोकांना माणूस पांढुर्ण्याचा हवा होता, सौंसरच्यांना सौंसरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, हे आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. आमच्या बैठकीत नदी नव्हती आणि गोटे शब्दांचे होते, एवढाच काय तो फरक. शेवटी कोणी तरी सुचवले की नागपूरहून नेतृत्वाचे प्रशिक्षण देणारा एखादा ट्रेनर बोलवू, चार शिकलेली मुले निवडू, दोन दिवसांचे शिबिर घेऊ. खर्चाचा आकडाही निघाला. तेव्हा मागे बसलेल्या आमच्या एका आशाताईंनी, म्हणजे गावात आरोग्याचे काम करणाऱ्या बहिणीने, विचारले, "शिबिर होईल. पण ज्या पोरांना शिकवाल ती पुढच्या वर्षी इथं राहतील का?"

कोणी उत्तर दिले नाही. त्या प्रश्नानेच आम्हांला निर्गमाच्या अठराव्या अध्यायाकडे नेले, आणि तेथून जामखेडकडे.

आमच्यापैकी अनेकांना डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ही नावे ऐकून माहीत होती. दोघे ख्रिस्ती डॉक्टर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम केले, मोठा सन्मान मिळाला, एवढेच. नीट वाचल्यावर कळले की १९७९ साली त्यांना मिळालेला मॅगसेसे पुरस्कार वैद्यकीय सेवेच्या नावाने दिलेला नव्हता. तो 'समाज-नेतृत्व' या विभागातला होता. दोन डॉक्टरांचा गौरव झाला तो लोकांतून पुढारी घडवले म्हणून. आमच्या प्रदेशाशीही एक धागा आहे. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या सुपे गावचे, शिक्षकांच्या घरातले. मेबल मात्र जबलपूरच्या. त्यांचे वडील तेथल्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवत. आमचा जिल्हा त्याच जबलपूर विभागात येतो.

दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली लग्न झाले तेव्हा दोघांनी मिळून देवापुढे नवस केला की आपले आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे. काही वर्षे त्यांनी वडाळा येथील मिशन दवाखान्यात काम केले. रुग्ण बरे होऊन जात आणि तोच आजार घेऊन परत येत, कारण गावातले पाणी तेच, उपासमार तीच, अज्ञान तेच. म्हणून दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. तिथेच राहिले असते तर कोणी बोट ठेवले नसते. ते १९७० साली परत आले आणि जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी गावच्या लोकांशी बोलले, लोकांनी या म्हटल्यावरच गेले. पाहुणा म्हणून आलेल्या इथ्रोने आधी विचारले होते, ते इथे आठवते.

आता आमच्या बैठकीशी जुळणारा भाग. जामखेडला सुरुवातीला प्रशिक्षित नर्सबाईंना गावोगावी ठेवून पाहिले. शिकलेल्या होत्या, काम जाणत होत्या, पण बाहेरच्या होत्या. एकटी तरुण बाई परक्या गावात कशी राहणार, आणि गावची बाई आपले दुखणे परकीला कसे सांगणार? ते जमेना. तेव्हा एका सरपंचानेच सुचवले की आमच्या गावातली बाई घ्या आणि तिलाच शिकवा. गावाने बाया निवडल्या. पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्यातून जामखेडला येत, शिकत, परत गावी जात, आणि शिकलेले लगेच वापरत. पुढच्या खेपेला येताना नवे प्रश्न घेऊन येत. शिकवणे त्यांच्या बोलीत, गाण्यांतून, चित्रांतून. आधी डॉक्टरांनी त्यांना एवढेच पटवले की तू बोलू शकतेस, तुला कळते. औषधांची नावे मागाहून आली.

काय घडले ते आकड्यांत आहे. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत ही संख्या तिसाच्या खाली आली. ज्यांना सही येत नव्हती अशा बायांच्या हातून हे झाले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनीच चालवलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि २००५ साली सरकारने आशा कार्यकर्ती नेमायला सुरुवात केली, गावातलीच बाई गावासाठी, तेव्हा जामखेडच्या बाया तीस वर्षांहून अधिक काळ तेच काम करत होत्या. आमच्या बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या ताईंना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काही नवीन नाही."

१९७२च्या दुष्काळातली एक गोष्ट आम्ही तरुणांना आवर्जून सांगतो. विंधन विहिरी घ्यायच्या होत्या. आरोळे दांपत्याने त्या दलित वस्तीजवळ होतील याकडे लक्ष दिले. पाणी हवे तर सगळ्यांना तिथे जावे लागले. शिवाशिवीवर त्यांनी भाषण दिले नाही. विहिरीची जागा ठरवली.

जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांना अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला बोलावले होते. तिथे त्यांनी वर टांगलेल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून सांगितले की डॉक्टर असे असतात, उजेड मोठा, पण महाग आणि उंचावर. आणि आपल्यासारख्या बाया म्हणजे हातातली पणती. तिचा उजेड लहान, पण एका पणतीने दुसरी लावता येते. बायबल वाचणाऱ्या माणसाला दिवठणीवरचा दिवा इथे आठवल्यावाचून राहत नाही.

आमच्यातली एक मुलगी नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करते आहे. लोकांतून पुढारी घडवायचे, संस्थांना सल्ला द्यायचा, हेच काम तिला जन्मभर करायचे आहे. घरचे लोक काळजीने विचारतात की यात करिअर ते काय? पोट भरेल का, लग्नाच्या वेळी काय सांगायचे? त्यांची काळजी खोटी नाही. पण हे काम म्हणजे काय, ते आरोळ्यांच्या आयुष्यावरून तिला आणि आम्हांला कळले. मोठ्या शहरात दवाखाना काढला असता तर रजनीकांत आणि मेबल यांचे नाव पाटीवर राहिले असते. त्यांनी आपले ज्ञान दुसऱ्यांच्या हाती देण्यात चाळीस वर्षे घालवली. रजनीकांत यांना १९९० साली पद्मभूषण मिळाले, मेबल युनिसेफच्या दक्षिण आशियाच्या कामात सल्लागार झाल्या, जामखेडला देशोदेशीचे लोक शिकायला येऊ लागले आणि तिथे त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या गावच्याच बाया. १९९९ साली मेबल आणि २०११ साली रजनीकांत प्रभूकडे गेले. काम थांबले नाही. प्रशिक्षकाच्या कामाची खरी परीक्षा त्याच्या जाण्यानंतर होते.

पौलाने तीमथ्याला दुसऱ्या पत्रात हेच शिकवले. तू माझ्याकडून जे ऐकलेस ते विश्वासू माणसांच्या हाती सोपव आणि ती माणसे आणखी इतरांना शिकवतील अशी असावीत. एका वाक्यात चार पिढ्या. आपल्या प्रभूनेही तेच केले. त्याने बारा जणांना निवडले, त्यांतले कित्येक मासे धरणारे, एक जकातदार. त्यांना बरोबर फिरवले, मग दोघे दोघे करून पाठवले, परत आल्यावर त्यांचे ऐकले. आणि आपण गेल्यानेच तुमचे हित आहे, असे त्याने त्यांना सांगितले, कारण त्याच्या जाण्यानंतर साहाय्यकर्ता येणार होता. गालीलातल्या त्या माणसांना कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते.

एवढे मनन झाल्यावर आम्ही बाहेरच्या शिबिराचे पैसे बाजूला ठेवले. शिबिरे वाईट असतात असे नाही. प्रभूची इच्छा असेल तर पुढे तेही होईल. आमच्या पाच गृहप्रार्थनेच्या गटांना, तीन पांढुर्ण्याचे आणि दोन सौंसरचे, आम्ही एकच प्रश्न दिला : घरात रात्री दुखणे आले तर तुम्ही मंडळीतल्या कोणाला हाक माराल? भाषण नको, नावाची चिठ्ठी नको, फक्त उत्तर द्या.

उत्तरे ऐकून आम्ही गप्प झालो. पाचांपैकी चार नावे कधीही कमिटीत नव्हती. एक रिक्षावाला भाऊ. एक किराणा दुकानदार. एक निवृत्त चपराशी. एक आशाताई. आणि सौंसरच्या एका गटाने नाव घेतले ते संत्र्याच्या हंगामात माल निवडायच्या कामाला जाणाऱ्या एका विधवा बहिणीचे. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. प्रार्थनेत तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता. पण त्या गल्लीतल्या तीन बाळंतपणांत आणि दोन मयतींत पहिली पोचली होती ती तीच. आम्हांला हे माहीत नव्हते, गल्लीला माहीत होते. गावाने बाई निवडावी असे जामखेडला का ठरले, ते त्या संध्याकाळी समजले.

आता काका त्या पाचांना दोघे दोघे घेऊन फिरतात. पहिल्या भेटीत काका बोलतात, हे ऐकतात. दुसऱ्या भेटीत हे बोलतात, काका कोपऱ्यात बसतात. तिसऱ्या भेटीत काका दाराबाहेर थांबतात. काकांसाठी हे सोपे नाही. तीस वर्षे ज्या घरात प्रार्थना केली त्या घराच्या बाहेर चपलांजवळ उभे राहायचे आणि आतून दुसऱ्याचा अडखळता आवाज ऐकायचा. एकदा ते म्हणाले, "शिकवणं जमतं रे, गप्प बसणं जमत नाही."

सगळे सुरळीत चालले आहे असे सांगणार नाही. एका घराने स्पष्ट म्हटले की मजुरीला जाणारी बाई आमच्या घरी प्रार्थना घ्यायला नको. पाचांपैकी दुकानदार भाऊ तीन आठवडे फिरकले नाहीत. गिऱ्हाईक सोडून येणे परवडत नाही, हे त्यांचे कारण खरे आहे. सौंसर आणि पांढुर्णा यांच्यातला मान-अपमान अजून पूर्ण गेलेला नाही. किल्ली शेवटी कोणाकडे राहील तेही ठरायचे आहे. पण त्या बहिणीने गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात एका आजारी आजीजवळ पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. दोनच वाक्ये होती, मराठीत, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला आपल्यासाठीही कर म्हणून सांगितले.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही एखादे काका किंवा मावशी असतील, ज्यांच्यावर सगळे उभे आहे. त्यांचा सत्कार करण्याआधी त्यांच्याबरोबर कोण फिरते आहे ते पाहा. कोणीच नसेल तर या आठवड्यात एकाला सोबत पाठवा. आणि ते एक नाव शोधायला व्यासपीठाकडे पाहू नका. रात्री कोणाच्या दाराची कडी वाजते ते विचारा. आपल्यापैकी कोणी शिकवण्याची, सल्ला देण्याची सेवा पत्करली असेल, पगारी असो की बिनपगारी, तर इथ्रोचे शेवटचे वचन आपल्या डायरीत लिहून ठेवा. तो आला, त्याने पाहिले, विचारले, शिकवले, आणि छावणी मोशेच्या व त्या हजारांच्या, शंभरांच्या, दहांच्या नायकांच्या हाती ठेवून आपल्या देशी गेला. अध्याय तिथे संपतो, आणि पुढच्या अध्यायात लोक सीनाय पर्वतापाशी पोचतात.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तू मच्छीमारांना हाक मारलीस, तसा आमच्या गल्लीतल्या, शेतातल्या, बाजारातल्या तुझ्या लोकांना हाक मार. ज्यांना आपले नाव मोठ्याने घ्यायची सवय नाही त्यांच्या तोंडी तुझे नाव दे. जे अनेक वर्षे राबले त्यांना हात मोकळे करण्याचे धैर्य दे, आणि जे आता हात पुढे करत आहेत त्यांना थरथरू देऊ नकोस. पांढुर्णा आणि सौंसर, दोन्ही गावांना तुझ्या एका देहाचे अवयव कर. जे शिकवतात त्यांना योग्य वेळी निघून जाण्याची कृपा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.